या हंगामात ही चार पुस्तकं वाचा

मराठीत पुस्तकांचा हंगाम दिवाळीला सुरू होतो. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासूनची ही सवय आहे. अंक येतात, प्रदर्शनं लागतात, सवलती जाहीर होतात आणि ‘यंदा काय वाचावं’ अशा याद्या फिरू लागतात. या याद्यांत छोटे प्रकाशक आणि विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था क्वचितच दिसतात. माझं म्हणणं असं, की मराठी मुसलमान तरुणांनी आपली यादी नेमकी तिथूनच सुरू करावी.

कारण साधं आहे. आपल्याविषयी रोज भरपूर बोललं जातं. एका ग्रुपवर आपण कालपरवा बाहेरून आलेले आक्रमक असतो, दुसऱ्या ग्रुपवर आपला सगळा भूतकाळ निव्वळ सुवर्णकाळ असतो. दोन्हीकडे पुरावा कोणी मागत नाही. विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांत मात्र हस्तलिखित छपाईला जाण्याआधी त्या विषयाचे इतर जाणकार ते तपासतात. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडेही एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. त्यामुळे चुका संपत नाहीत, पण विधानाची जबाबदारी कोणाची आणि आधार काय, हे तरी कळतं. छोट्या प्रकाशकांचं मोल वेगळं आहे. खपाची खात्री नसलेलं लेखन ते हाती घेतात.

पहिलं पुस्तक बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’. दीपा भास्ती यांनी कन्नडमधून इंग्रजीत आणलेल्या या बारा कथांना २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. ब्रिटनमध्ये तो संग्रह ‘अँड अदर स्टोरीज’ या छोट्या प्रकाशनाने काढला. बानू मुश्ताक हासनच्या वकील आणि बंडाय साहित्य चळवळीतल्या लेखिका. घरात उर्दू-दखनी वातावरण, पण लिहिण्याची भाषा कन्नड. महिलांच्या मशीद प्रवेशाची बाजू घेतल्याबद्दल २००० साली त्यांना बहिष्कार सोसावा लागला. या कथांतल्या बायका नवऱ्याशी, मौलवींशी, मुतवल्लींशी आणि स्वतःशीही झगडतात, आणि तरीही त्या कोणाच्या प्रचाराचं साहित्य होत नाहीत. ‘घरातली गोष्ट बाहेर नको’ असं ज्यांना ऐकवलं गेलंय, त्यांनी हे पुस्तक आधी घ्यावं.

दुसरं, प्राची देशपांडे यांचं ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’. पर्मनंट ब्लॅकने ते २०२३ मध्ये काढलं. मोडी लिहिणारे कारकून, त्यांचे दप्तर आणि पुढे मोडी मागे पडून बाळबोध लिपी कशी रुजली, याचा हा अभ्यास आहे. आपल्याला याचं काय? खूप काही. महाराष्ट्रातल्या अनेक दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या इनामांचे जुने कागद मोडीत आहेत. ‘उर्दू ती आपली, मराठी ती त्यांची’ ही वाटणी दप्तरात टिकत नाही.

पुढची दोन नवी नाहीत. पण ती आपल्यातल्या किती जणांच्या हाती पडली आहेत, हे स्वतःला विचारा.

रिचर्ड ईटन यांचं ‘अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन’ केंब्रिजने २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. आठ माणसांच्या आयुष्यांतून त्यात १३०० ते १७६१ चा दख्खन उभा राहतो. गुलबर्ग्याचे गेसूदराज, बिदरचे महमूद गवान, मलिक अंबर, तुकाराम, ताराबाई ही सगळी एकाच पुस्तकात, एकाच भूमीची माणसं म्हणून भेटतात. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो आणि शहाजीराजांचं घराणं त्याच राज्याच्या चाकरीत असतं. हे वाचल्यावर ‘आपले’ आणि ‘परके’ हे शब्द जरा जपून वापरावेसे वाटतात.

चौथं, नाईल ग्रीन यांचं ‘बॉम्बे इस्लाम’, केंब्रिज, २०११. १८४० ते १९१५ ची मुंबई हा त्याचा विषय. कोकणी, मेमन, खोजा, बोहरा, इराणी, गिरणीत राबणारे आणि बंदरावर उतरणारे, अशा सगळ्यांचे पीर, छापखाने, अंजुमनं एकाच शहरात शेजारी होते आणि एकमेकांशी स्पर्धाही करत होते. इस्लामचं एकच ‘खरं’ रूप सांगणाऱ्या सगळ्यांनी हे पुस्तक वाचावं, मग ते आपल्यातले असोत की आपल्याला शिव्या देणारे.

आता रास्त आक्षेप. ही पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि स्वस्त नाहीत. तालुक्याच्या गावात पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलीला ही यादी देणं म्हणजे थट्टाच. म्हणून मला यादी देऊन थांबायचं नाही.

एक, चौघापाच जणांनी मिळून एकेक प्रत घ्यावी आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत ठेवावी. तिथे आज स्पर्धापरीक्षांच्या गाईडांशिवाय फारसं काही नसतं. दोन, शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळतं. तिथे जाऊन पुस्तकाची लेखी मागणी नोंदवा. मागणीच नसेल तर ग्रंथपालाला दोष कसा देणार? तीन, आपलं नियतकालिक दोन भाषांत निघतं. ज्यांना इंग्रजी सहज वाचता येतं, त्यांनी एकेका पुस्तकाचा मराठीत हजार शब्दांचा परिचय लिहावा. कौतुक कमी आणि मजकूर काय आहे ते जास्त.

चौथी गोष्ट पैशांची. ‘अँड अदर स्टोरीज’ वर्गणीदारांच्या आधारावर चालते आणि पुस्तकात त्यांची नावं छापते. मराठीलाही प्रकाशनपूर्व नोंदणी नवी नाही. ज्या पुस्तकाचा मराठी अनुवाद मिळत नाही, त्यासाठी आपणच पाचशे नोंदण्या जमवून एखाद्या छोट्या मराठी प्रकाशकाकडे का जाऊ नये? आपण लग्नात आणि उरुसात वर्गणी काढतो. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मराठी ही आपलीही भाषा आहे असं आपण जाहीर केलं. त्या भाषेत आपल्याविषयीचं नीट तपासलेलं ज्ञान यावं, यासाठी खिशात हात घालणं ही पुढची पायरी आहे. पहिल्या नोंदणीचे पैसे मी देतो. उरलेल्या चारशे नव्याण्णव जणांनी कोणतं पुस्तक आधी हवं, ते कळवा.