दुसरी किल्ली कोणत्या काठावर?

पावसाळा लागला, की आमच्या शाहूपुरीत सकाळी भेटणारी माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. ‘किती फूट?’ एवढंच विचारतात. परगावचा पाहुणा घरी असला तर त्याला हे समजावून सांगावं लागतं. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली, असा त्या प्रश्नाचा अर्थ. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ज्यांना आपल्या रक्तदाबाचे आकडे आठवत नाहीत, त्यांनाही हे दोन आकडे पाठ असतात. दुधाच्या पिशव्या घेताना, दाढी करून घेताना, रेल्वे फाटकापाशी थांबलं असताना सगळीकडे तीच चौकशी. आणि त्या चौकशीच्या पोटात दुसरी एक चौकशी दडलेली असते, ती सहसा कुणी उघड करत नाही: ‘हायवे चालू राहील ना?’

हा प्रश्न पुराचा नाही, वाटेचा आहे. आज मला लिहायचं आहे ते त्या वाटेबद्दलच.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री. दिवसा व्हाउचरं तपासली. २००५ साली मी हातकणंगले तालुक्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. घर शाहूपुरीत, शाखा पंचगंगेच्या पलीकडे. रोज सकाळी तावडे हॉटेलपाशी महामार्गाला लागायचं, नदी ओलांडून शिरोली गाठायची, सांगली फाट्याला वळायचं. पाऊण तासाचं जाणं-येणं. शिरोलीच्या कारखान्यांतले कामगार, इचलकरंजीचे व्यापारी, शाळांचे मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई अशी हजारो माणसं त्याच पुलावरून जात-येत. आम्हा कुणालाच त्या पुलाचं अप्रूप नव्हतं.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात. एक व्यवस्थापकाकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. आमचे कॅशियर त्याच गावचे. माझी किल्ली माझ्याबरोबर रोज नदी ओलांडून घरी यायची. माझ्या खालोखालचे अधिकारीही कोल्हापूरचेच. २००५ च्या जुलैअखेरीस पाऊस हटेना. एका संध्याकाळी कॅशियर म्हणाले, ‘साहेब, आज मुक्काम करा इथंच. पाण्याचा काही नेम न्हाई.’ मी हसण्यावारी नेलं. घरी गरम भात वाट पाहत होता. म्हटलं, सकाळी येतो की.

सकाळी महामार्गावर पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी शाखेतून फोन आला. एक म्हातारे शेतकरी आले होते. सून इचलकरंजीच्या दवाखान्यात अडलेली, पैसे हवेत. रक्कम फार नव्हती आणि बचत खात्यात शिल्लक भरपूर होती. कॅशियरनी फोन त्यांच्या हातात दिला. म्हातारबुवा एवढंच म्हणाले, ‘माझंच पैसं हाईत न्हवं सायेब?’

त्यांचेच होते. पासबुक बरोबर, सही बरोबर, पैसे स्ट्राँगरूममध्ये. फक्त माझी किल्ली शाहूपुरीत माझ्या कपाटात होती, आणि मधे पंचगंगा.

वाचक विचारतील, जादा किल्ली नसते का? असते. नियमाप्रमाणे किल्ल्यांचा दुसरा संच दुसऱ्या शाखेत सीलबंद ठेवलेला असतो. आमचाही होता. तो कोल्हापूर शहरातल्या शाखेत होता! अडीअडचणीसाठी म्हणून राखलेली किल्लीसुद्धा नदीच्या याच काठावर. ज्या वाटेनं पहिली किल्ली जायची, त्याच वाटेनं दुसरीही जाणार. आणि वाट तर पाण्याखाली.

शेवटी कॅशियरनी आपल्या घरातले, दूध संस्थेच्या सचिवांकडचे आणि किराणा दुकानदाराच्या गल्ल्यातले पैसे गोळा करून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पूर ओसरल्यावर म्हातारबुवा शाखेत आले, लोकांचे पैसे चुकते केले आणि उरलेली जवळजवळ सगळी शिल्लक काढून घेतली. मी कारण विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ‘घरात ठिवतो. तुमचं दार पुरात उघडत न्हाई.’ मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या तपासणीत आमच्या किल्ल्यांच्या रजिस्टरपुढे बरोबरची खूण झाली. सगळं नियमानुसार होतं!

तेव्हापासून ‘पर्यायी मार्ग’ हा शब्द कानावर आला, की मला ती सीलबंद किल्ली आठवते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतो, किल्ली माझ्याकडे नव्हती. पण त्या वेळी अख्ख्या कोल्हापूरची किल्ली नदीपलीकडे राहिली. नदी ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि सुमारे आठवडाभर बंद राहिला. दोन्ही बाजूंना मालमोटारींच्या रांगा लागल्या. आता पर्याय पाहा. पन्हाळा-रत्नागिरीकडे जायचं तर शिवाजी पुलापलीकडचा रस्ता पाण्यात. गगनबावड्याकडे जायचं तर तोही पाण्यात. दक्षिणेला कर्नाटकाकडे जावं तर निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर आलेली. रेल्वेनं मिरजेला जावं तर रुकडीच्या पुलापाशी पाणी चढलेलं, गाड्या बंद. नकाशावर कोल्हापूरला आठ दिशांनी वाटा आहेत. त्या आठवड्यात शहराचं बेट झालं होतं. २००५ चा धडा १४ वर्षं जुना होता, म्हणून विसरला असं म्हणू. पण २०२१ च्या जुलैत, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी, हेच सगळं पुन्हा घडलं. तेव्हा तर विसरायलाही वेळ मिळाला नव्हता.

आमच्या शाहूपुरीला याचं विशेष वाटायला हवं. ही पेठ वसलीच दळणवळणासाठी. १८९१ साली मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनजवळ ही व्यापारपेठ वसवली. गूळ यावा, तोलला जावा, रेल्वेनं देशभर जावा, अशी ती योजना. एस.टी.चं मध्यवर्ती बसस्थानकही इथंच. थोडक्यात, आम्ही येण्याजाण्यावर जगणारी माणसं. २०१९ मध्ये त्याच शाहूपुरीत कुंभार गल्लीत जयंती नाल्याचं पाणी शिरलं होतं आणि ऐन गणपतीच्या तोंडावर मूर्ती हलवायची धावपळ चालली होती. व्हीनस कॉर्नरला गुडघ्याच्या वर पाणी. पेट्रोल पंपांवर टँकर येत नाहीत, म्हणून असलेलं पेट्रोल अत्यावश्यक सेवेच्या गाड्यांसाठी राखलेलं. ज्या शहरात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही दुचाकीला किक बसते, ते शहर पायी चालू लागलं.

त्या दिवसांत मी स्टेशन रोडवरून चालताना एक गोष्ट पाहिली. कामावर जाणं नुसतं हौसेनं होत नसतं. कारखान्यात रोजंदारीवर असणारा एक तरुण रोज सकाळी डबा घेऊन तावडे हॉटेलपर्यंत चालत जायचा, पाणी पाहायचा आणि परत यायचा. मी म्हटलं, ‘अरे, बंद आहे हे माहीत असताना कशाला जातोस?’ तर म्हणाला, ‘घरात बसलं की रोज बुडालेला जास्त टोचतोय काका.’ पगारदाराला महामार्ग बंद म्हणजे सुटी. रोजंदारीवाल्याला ती खाडाखोड आहे. गोकुळचं दूध मुंबई-पुण्याला जाईना, याची बातमी झाली. पण खेड्यातल्या ज्या बाईचं दूध संकलनाला जाऊ शकलं नाही, तिनं ते काय केलं असेल याची बातमी होत नाही. सहाआसनी वडापवाला, भाजीवाली, पंक्चरवाला यांचा हिशेब कुणी मांडत नाही. पाणी ओसरल्यावर रस्ता चालू होतो, अडकलेल्या गाड्या एकदम सुटतात, दोन दिवस शहरभर कोंडी होते, आणि मग आपण ‘झालं एकदाचं सुरळीत’ म्हणून पुढच्या पुरापर्यंत मोकळे.

कोल्हापूरकरांच्या दिलदारपणाबद्दल शंका नको. महामार्गावर अडकलेल्या परराज्यांतल्या ड्रायव्हर-क्लीनरना लोकांनी जेवण पोचवलं. तालमींतली पोरं छातीभर पाण्यात उतरली. याचा अभिमान मला आहेच. पण आमच्या कॅशियरचाही मला अभिमान होता. त्यानं माझी चूक झाकली गेली, दुरुस्त झाली नाही. माणसं चांगली आहेत म्हणून व्यवस्था वाईट असली तरी चालते, अशी आपल्याला सवय लागली आहे. ती घातक आहे.

मग करायचं काय? सगळ्यात सोपी मागणी म्हणजे ‘रस्ता उंच करा.’ ती मी करणार नाही. कारण रस्ता उंच करायचा तर आपल्याकडे मातीचा भराव घालतात. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा तेच झालं. आपल्या गाडीला तो भराव रस्ता वाटतो, पुराच्या पाण्याला ती भिंत वाटते. त्या भिंतीमागे साचणारं पाणी वरच्या अंगाच्या गावांत, शेतांत, शहराच्या सखल पेठांत पसरतं. मी कोरड्या टायरनं पुण्याला पोचावं म्हणून दुसऱ्याच्या चुलीत पाणी जावं, हा सौदा मला मान्य नाही. नदीच्या पूरपट्ट्यात रस्ता खांबांवर किंवा मोठ्या कमानींवर हवा, म्हणजे वरून माणसं जातील आणि खालून पाणी. शिरोलीकडची माणसं हे कितीतरी दिवस सांगताहेत. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम हाती घेतलं गेलं, त्यात ही गोष्ट मुळापासून धरायला हवी; मागाहून जोडलेलं ठिगळ नको.

खर्चाचं काय, असं कुणी विचारेल. पाच-दहा वर्षांत चार-आठ दिवस रस्ता बंद पडतो, त्यासाठी एवढे कोटी? मी बँकवाला आहे, प्रश्न मला समजतो. पण विम्याचा हप्ता भरताना आपण ‘यंदा आग लागली नाही, पैसे वाया गेले’ असं म्हणत नाही. आणि मनात आणलं तर आपल्याला कामही झटपट करता येतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, माणसं गेली. त्यानंतर वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. माणसं जाण्याच्या आधी ती घाई का सुचत नाही, एवढाच प्रश्न आहे.

दुसरं काम तर पैशाचंही नाही. कोल्हापुरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक पाटी लावावी: ‘राजाराम बंधाऱ्यावर इतके फूट पाणी झाले की हा रस्ता बंद होतो.’ अनुभवी माणसांना हे आकडे तोंडपाठ आहेत. ते सगळ्यांना दिसू द्यावेत. मग आपल्याच लक्षात येईल, की ज्यांना आपण चार पर्याय म्हणतो त्यांतले किती रस्ते मागेपुढे एकाच पाण्यात बुडतात. दवाखाने, बँका, दूध संघ, कारखाने यांनी तोच आकडा पाहून आपली माणसं आणि सामान आदल्या दिवशी दोन्ही काठांवर वाटून ठेवावं. निम्मे डॉक्टर अलीकडे, निम्मे पलीकडे. एक किल्ली इकडे, एक तिकडे.

आणि तिसरं काम आपलं स्वतःचं. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. पूरपट्ट्यातली अतिक्रमणं हा त्यातला एक ठळक मुद्दा. पण अतिक्रमण म्हटलं की आपल्याला दुसऱ्याची झोपडी दिसते, आपलं अपार्टमेंट दिसत नाही. नाल्यात टाकलेला भराव आणि पूररेषेत घेतलेला ‘नदीदर्शनी’ फ्लॅट हीसुद्धा पाण्याची अडवणूकच. अशा फ्लॅटना कर्ज देणाऱ्या खुर्चीत मीही बसलो आहे. कागदपत्रं सगळी बरोबर असायची. किल्ल्यांच्या रजिस्टरसारखीच.

म्हातारबुवा पुढे काही वर्षांनी गेल्याचं कॅशियरनी कळवलं. त्या पुरात जन्मलेली त्यांची नात आता कॉलेज संपवून शिरोलीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम पाहते म्हणे. सध्या राहायला कोल्हापुरात, रोजची जा-ये त्याच पुलावरून. पुढचा पावसाळा येईल, शाहूपुरीत पुन्हा ‘किती फूट?’ सुरू होईल. या वेळी आकडा ऐकून चुकचुकण्याआधी आपण आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला आणि आरशातल्या माणसालाही एकच गोष्ट विचारावी: दुसरी किल्ली कोणत्या काठावर ठेवली आहे?