पोराला खेळू द्या

मृग लागला की दम्याचं लेकरू घेऊन बल्लारशाहून हैदराबादची गाडी धरणारी कुटुंबं आपल्याकडे नवी नाहीत. तिथं बथिनी घराण्याची माणसं मरळीच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात औषध भरून ते गिळायला देतात. त्यानं दमा जातो याला पुरावा नाही. तरी मला त्या आईबापांना हसवत नाही. एक मासा गिळून कायमचं सुटू, ही आशा रात्र-रात्र लेकराला मांडीवर बसवून काढलेल्यालाच कळते.

राग येतो तो ‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्यांचा. त्यांत शिकलेलेच जास्त. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या चमचाभर पातळ औषधात दोन मिलिग्रॅम असतं, पंपाच्या एका दाबात त्याचा विसावा हिस्सा, आणि तोही थेट छातीत. मग जालीम काय? शिवाय हा पंप फक्त धाप लागली की घ्यायचा. दमा ताब्यात ठेवणारा स्टिरॉइडचा पंप वेगळा, तो बरं वाटत असतानाही रोज घ्यावा लागतो. नेमका तोच बरं वाटलं की बंद होतो.

त्यात चंद्रपूरच्या हवेचं काय सांगावं! २९२० मेगावॉटचं वीज केंद्र, दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, घुग्घुसची धूळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली चंद्रपूरला ८३.८८ गुण देऊन देशात चौथं बसवलं होतं. (गुण जास्त म्हणजे नापास, अशी ही परीक्षा.) गडचिरोलीत जंगल आहे म्हणून हवा चांगली, हेही अर्धंच खरं. घरात चूल, उन्हाळ्यात मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखाली जाळलेला पाला, आणि आता आष्टी-आल्लापल्ली रस्त्यावर सुरजागडच्या ट्रकांची लाल धूळ.

याच गडचिरोलीनं गावकऱ्यांना लेकरांचा श्वास मोजायला शिकवलं. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या आरोग्यदूतांच्या हाती निमोनियाचं निदान आणि औषध दिलं, बालमृत्यू घटले. १९९० साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. अंक न येणाऱ्या दाईलाही जमावं म्हणून मणी सरकवून श्वास मोजायचं साधन त्यांनी केलं. पण धाप दम्यातही लागते. श्वास जलद दिसला की अँटिबायोटिक, चार दिवसांनी बरं, महिन्याभरानं पुन्हा तेच. अशा लेकराच्या दम्याचं नाव घरात कुणी घेतच नाही.

दोन धापांच्या मधले दिवस कसे जातात, हे लेकरालाच विचारावं लागतं. कॅनडातल्या एलिझाबेथ ज्युनिपर यांनी ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी २३ प्रश्नांची प्रश्नावलीच केली. झोप लागली का, चिडचिड झाली का, इतरांच्या मागे पडल्यासारखं वाटलं का. आपल्याकडं गुरुजी दम्याच्या पोराला मायेनं म्हणतात, ‘तू बस बाबू, चपला सांभाळ.’ कबड्डी चाललेली, आणि हा चपलांपाशी. दमा ताब्यात असेल तर पोराला धावायला काहीच हरकत नाही, उलट धावावंच.

शाळेच्या कपाटात आयोडीन असतं, तिथं साल्ब्युटामॉलचा पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) का नसावा? आशाताईला तो वापरायला शिकवणं मणी मोजण्याहून अवघड नाही. पैशाची सबबही चालणार नाही. केपटाऊनच्या हेदर झार यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलंय की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून त्यात पंप पक्का बसवला, तर तो स्पेसर विकतच्याइतकाच चालतो.