आपली पोट्टी, आपला एसेमेस आणि त्यानंतर...

गेल्या मे महिन्यात मावसभावाच्या लग्नाला अमरावतीला गेलो होतो. वऱ्हाडातलं मे मधलं लग्न म्हणजे काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून पटणार नाही. आदल्या रात्री डीजेने 'पिंगा' लावलं. झालं! दिवसभर पाय दुखतात म्हणून कुरकुरणाऱ्या सगळ्या मावश्या एका मिनिटात मैदानात. मी शेजारी बसलेल्या भावाला सहज विचारलं, "कोणी गायलंय रे हे?"

"श्रेया घोषाल. एवढंही माहीत नाही का दादा?"

"अन् दुसरा आवाज?"

"दुसरा बी आवाज हाये काय त्याच्यात?"

हाये ना राजेहो! 'बाजीराव मस्तानी' (२०१५) मधल्या त्या गाण्यात श्रेयाच्या बरोबरीने जो आवाज आहे तो वैशाली माडेचा. आणि वैशाली खारतळेगावची, म्हणजे ज्या जिल्ह्यात आम्ही त्या क्षणी घाम पुसत बसलो होतो त्याच अमरावती जिल्ह्याची. तिचंच गाणं, तिच्याच जिल्ह्यातलं लग्न, आणि नाव कोणालाच आठवेना. परत येताना रेल्वेत रात्रभर हेच डोक्यात घोळत होतं, म्हणून आज शनिवारचा मुहूर्त साधून लिहायला बसलोय.

जरा मागे जाऊ. वैशाली तेव्हा वैशाली भैसने-माडे या नावाने गायची. आधी तिने मराठी 'सारेगमप' जिंकलं आणि मग २००९ साली हिंदी 'सारेगमप चॅलेंज'सुद्धा. ते दिवस मला लख्ख आठवतात. मी नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो, चार जणांत एक फ्लॅट, एक टीव्ही. अकोल्याहून मामाचा फोन यायचा, "एसेमेस केला का नाही? आपली पोट्टी हाये बाप्पा थे!" मामाला स्वतःला एसेमेस करता यायचा नाही, पण दहा भाच्यांकडून करवून घ्यायची जबाबदारी त्याने घेतली होती. आम्हीही केले. एकेका रिचार्जचा हिशेब ठेवायचे दिवस होते ते, तरी केले. ती जिंकली तेव्हा असं वाटलं की आपणच जिंकलो. मुंबई-पुण्याच्या पोरांसमोर 'तुमचं वऱ्हाड' ऐकून घेणाऱ्या आम्हाला त्या एका रात्री कॉलर ताठ करता आली.

आणि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला गेलो. विषय संपला.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. सॉफ्टवेअरमध्ये रिलीजच्या दिवशी केक कापतात, फोटो काढतात, मोठा साहेब कौतुकाची मेल पाठवतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते चालू ठेवणं, दुरुस्त करणं, वापरणाऱ्यांना टिकवणं. त्याला मेन्टेनन्स म्हणतात, आणि त्यासाठी कोणी केक कापत नाही. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा म्हणजे निव्वळ रिलीज पार्टी. सपोर्ट टीमचा पत्ताच नाही!

तुम्ही म्हणाल, एवढं रडायला काय झालं? तिला भन्साळीच्या सिनेमात गाणं मिळालं, २०१९ साली 'कलंक'मध्ये 'घर मोरे परदेसिया' मिळालं. किती जणांना मिळतं? बरोबर आहे. हे यश लहान नाही आणि ते तिने स्वतःच्या गळ्यावर मिळवलंय. पण पार्श्वगायनाचा व्यवहार काय असतो ते बघा. आवाज गायिकेचा, चेहरा नटीचा, चाल संगीतकाराची आणि बोर्ड सिनेमाचा. ऐकणाऱ्याच्या मनात या सगळ्यांनी जागा घेतल्यावर उरलेल्या कोपऱ्यात गायिका. बरं, स्पर्धेत तरी काय गायलं जातं? लताबाईंची, आशाताईंची गाणी. म्हणजे दुसऱ्याचं गाणं किती छान म्हणता येतं यावर नंबर मिळतो आणि पुढे आयुष्य काढायचं असतं स्वतःच्या गाण्यावर. या दोन गोष्टींमधला पूल कोण बांधणार?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. मध्यंतरी आमचा क्लायंट फ्रेंच होता, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने मला फ्रान्स गाल नावाच्या गायिकेची गाणी ऐकवली. (हो, बाईचं नावच फ्रान्स!) ही १९६५ साली युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, तेही लक्झेंबर्गच्या वतीने. वय वर्षे १७. गाणं सर्ज गेन्सबूरचं. रातोरात स्टार. पुढच्याच वर्षी त्याच गेन्सबूरने तिला एक द्व्यर्थी गाणं गायला दिलं. तो दुसरा अर्थ त्या पोरीला माहीतच नव्हता. कळला तेव्हा ती फार दुखावली. मग पडता काळ. पण १९७४ पासून मिशेल बर्जे या संगीतकाराबरोबर तिची दुसरी इनिंग सुरू झाली. तो तिच्या आवाजासाठी, तिच्या स्वभावासाठी गाणी लिहायचा. पुढे दोघांनी लग्न केलं. १९८७ मध्ये एला फिट्झगेराल्डला मानवंदना देणारं तिचं गाणं युरोपभर गाजलं. म्हणजे स्पर्धा जिंकल्यावर बावीस वर्षांनी! २०१८ साली ती गेली.

ती टिकली कारण तिला स्वतःची गाणी मिळाली, हे एक. आणि तिच्या भाषेतली गाणी विकत घेणारा, तिकीट काढून ऐकणारा श्रोता तिथे होता, हे दुसरं. फ्रान्सने तर १९९४ मध्ये कायदाच केला आणि १९९६ पासून रेडिओवर ४० टक्के गाणी फ्रेंच असलीच पाहिजेत असा नियम आला. (पुढे त्यात थोडी सूट दिली.) मला कायद्याने गाणी ऐकवणं फारसं पटत नाही. पण आपल्या भाषेतलं गाणं आपोआप जगत नाही, ते जगवावं लागतं, इतकं तर त्यांना कळलं.

आता कोणी म्हणेल, फ्रान्सचं सोड, इथलं बोल. ठीक आहे, इथलंच बोलतो. त्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आष्टगाव आहे. भीमराव पांचाळे तिथले, जन्म १९५१. सिनेमाची वाट नाही, टीव्हीची स्पर्धा नाही. सत्तरच्या दशकात अकोल्यात राहून या माणसाने मराठी गझल गायला सुरुवात केली. अमरावतीच्याच सुरेश भटांनी मराठी गझल रुजवली, भीमरावांनी ती मैफलीत नेऊन बसवली. आमच्या घरी बाबांकडे 'एक जखम सुगंधी'ची कॅसेट होती. लहानपणी मला ती अत्यंत संथ वाटायची. एकच ओळ काय तीनतीनदा म्हणायची! मोठेपणी कळलं की शेराची पहिली ओळ फिरवून फिरवून ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या ओळीसाठी तहानलेलं करतात. शब्द आधी पोचला पाहिजे, सूर त्याच्या मागे.

पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. त्यांनी नुसती गाणी गायली नाहीत, ऐकणारे तयार केले. गझलसागर प्रतिष्ठान काढलं, नवीन लिहिणाऱ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या, गावोगाव मराठी गझल संमेलनं भरवली. म्हणजे गायक, कवी आणि श्रोता ही सगळी साखळी उभी केली. आमच्या भाषेत सांगायचं तर अॅप्लिकेशनही लिहिलं आणि सर्व्हरही स्वतःच उभा केला! २०२५ साली राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना मिळाला. पन्नासेक वर्षांचा मेन्टेनन्स आहे त्यामागे.

पण प्रत्येक गाणाऱ्याने स्वतःच सर्व्हर उभा करावा ही अपेक्षा बरी नाही. पांचाळ्यांसारखा चिवट माणूस एखादाच निघतो. बाकीच्यांचं काय? तिथे आपण लागतो. आणि आपण म्हणजे नक्की कोण? तर महिन्याला पगार घेणारे, मल्टिप्लेक्सात पॉपकॉर्नला तीनशे रुपये देताना मागेपुढे न बघणारे, आणि मराठी गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट तेवढ्याच पैशाचं असलं की "पास मिळतो का बघ ना कुठे" म्हणणारे. मीही त्यातलाच. गेल्या दहा वर्षांत मी किती मराठी मैफलींची तिकिटं काढली ते काल आठवून पाहिलं. दोन. त्यातलं एक बायकोने काढलं होतं.

'आपली पोट्टी' म्हणायचा हक्क एका एसेमेसच्या किमतीत मिळतो असं आपण धरून चाललो होतो, तिथेच चुकलं. मतं देणारे लाखो आणि तिकीट काढणारे शेकडो, अशा हिशेबात कोणता गायक स्वतःचं गाणं करायची हिंमत करेल? तो बिचारा सिनेमातल्या दुसऱ्या आवाजाची वाट बघत बसणार.

लग्नातल्या त्या भावाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याला पोहे खाताना, वैशालीचं नाव सांगितलं. तिथल्या तिथे मोबाईलवर 'पिंगा' लावून कान देऊन ऐकलं त्याने. मग म्हणाला, "अरे खरंच की, हा आवाज वेगळा हाये!" मग मामाला हाक मारली. मामा आता सत्तरीचा आहे. तो म्हणाला, "मले माहीत होतं. पण तुम्ही पोट्टे इचारता कुठं?"

असो. पुढच्या महिन्यात पुण्यात वऱ्हाडातल्या एका नवीन पोराची गझल मैफल आहे. तिकीट काढलंय. पास मागितला नाही :)