उसन्या विजेचे व्याज

मोटारीच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग आपण कधी नीट पाहिला आहे का? कागदासारखा पातळ, आत ना सेल, ना बटण. तरीही गाडी टोलनाक्यापाशी आली की तो आपला क्रमांक बिनचूक सांगतो, दांडा वर जातो आणि बँकेतल्या खात्यातून पैसे वजा होतात. बोलायला शक्ती लागते. मग ही शक्ती त्याला मिळते कुठून? नाक्यावरचे यंत्र ज्या रेडिओलहरींवरून प्रश्न विचारते, त्याच लहरींतून तो उत्तरापुरती वीज उचलतो. प्रश्न विचारणाराच उत्तराचा खर्च सोसतो.

उभी नोकरी बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब जुळवण्यात गेल्यामुळे असेल, पण मला यात सरळ उसनवारीचा व्यवहार दिसतो. आणि उसनवारी म्हटली की दोन गोष्टी आधी विचारायच्या असतात. रक्कम किती, आणि व्याज काय?

मूळ युक्ती जुनीच आहे. आमच्या शाळकरी वयात मुले तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक डायोड आणि कानाला लावायचा इअरफोन एवढ्या सामग्रीवर आकाशवाणी ऐकत. त्या क्रिस्टल सेटला सेल लागत नसे. केंद्राकडून आलेली लहरच इअरफोनचा पडदा हलवी. मागेपुढे हेलकावणाऱ्या लहरीतून एकाच दिशेचा प्रवाह काढणे, हे त्यातले मर्म. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या खनिजाचा वापर करून असा शोधक बनवला आणि त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले. आजच्या टॅगमधली चिप तेच काम करते. उत्तर देताना तर ती स्वतःची लहरही सोडत नाही. आलेलीच लहर कमीजास्त परतवते, जशी मुले आरशाने उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर नाचवतात.

आता रक्कम. आपल्याकडे या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा ठेवला गेला आणि शक्तीची मर्यादा ४ वॉट घातली गेली. अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथाईवर येते. त्यामुळे ५ मीटरवरच्या टॅगच्या पदरात फार तर वॉटच्या हजाराव्या हिश्श्याचा पाचवा भाग पडतो. त्याचे भागते, कारण त्याची गरज वॉटच्या एक लक्षांशाच्या आसपास आहे. मोबाइलच्या साध्या चार्जरला १० वॉट लागतात. म्हणजे एका मोबाइलच्या खर्चात १० लाख टॅग जागे होतील. वाय-फायच्या लहरींवर खिशातला फोन आपोआप भरेल अशा जाहिराती अधूनमधून येतात, तेव्हा हा ताळेबंद मांडून पाहावा.

मोठी वीज हवेतून नेण्याची स्वप्ने थोरामोठ्यांनी पाहिली. निकोला टेस्ला यांनी १९०१ मध्ये लाँग आयलंडवर मनोरा उभारायला घेतला; जे. पी. मॉर्गन या सावकाराने दीड लाख डॉलर दिले आणि पुढे हात आखडता घेतला. १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन येथे दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून अधिक शक्ती पोहोचवून दाखवली गेली, पण त्यासाठी २६ मीटर व्यासाची तबकडी लागली. आपल्या घरात ती मावायची नाही.

म्हणून ही विद्या चिल्लरीची आहे. पण चिल्लरीवरही संसार चालतात. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटच्या आतल्या भागात सेल नसतो. कानामागच्या यंत्राकडून, त्वचेपलीकडून, आवाज आणि वीज दोन्ही त्याला लहरींनी मिळतात. सेल संपला म्हणून त्या लेकराला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागत नाही. या एका उपयोगासाठीही मी या विद्येला नमस्कार करीन.

मात्र व्याजाचा प्रश्न उरतोच. हे व्याज रुपयांत फेडले जात नाही, माहितीत फेडले जाते. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला लाकडी राजमुद्रा भेट दिली. ती निवासस्थानाच्या भिंतीवर १९५२ पर्यंत लटकत होती. आत लेव तेरेमिन यांनी बनवलेला, सेल नसलेला ध्वनिग्राहक होता. बाहेरून रेडिओलहर सोडली की खोलीतले बोलणे त्या लहरीवर स्वार होऊन परत जाई. सेल नाही, तार नाही, म्हणून झडतीत तो सापडत नव्हता. जे स्वतःच्या शक्तीवर जगत नाही, त्याला कोण जागे करणार हे दुसराच ठरवतो.

आज असे टॅग कपड्यांवर, ग्रंथालयातल्या पुस्तकांत, पारपत्रात आहेत. सगळेच सारखे भोळे नाहीत. पारपत्रातली चिप किल्लीशिवाय तोंड उघडत नाही. पण दुकानातला साधा टॅग योग्य यंत्र घेऊन येणाऱ्या कोणालाही आपला क्रमांक सांगतो. नुसत्या क्रमांकात नाव नसते हे खरे. पण तोच क्रमांक आज इथे, उद्या तिथे टिपला गेला की माणसाची ये-जा आपोआप लिहिली जाते.

यावर उपाय नाहीत असे नाही. या टॅगच्या प्रमाणित पद्धतीतच त्याला कायमचे गप्प करण्याचा हुकूम ठेवलेला आहे. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने थोडी वाट दाखवली आहे. यंत्राला नुसते टेकवायचे कार्डही यंत्राकडूनच वीज घेते. त्यावर पिनशिवाय ५००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतो, ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे. आणि ही सोय चालू-बंद करण्याचा अधिकार २०२० मध्येच खातेदाराच्या हाती आला. आमच्या काळात पैसे काढायच्या चिठ्ठीवर सही लागे. ती सही म्हणजे संमती होती, आणि ती जुळली नाही तर आम्ही ओळखीच्या माणसालाही परत पाठवत असू.

तोच नियम बाकीच्या टॅगना लावायला हवा. वस्तूत टॅग असेल तर तसे वेष्टणावर मराठीत लिहावे. पैसे दिले की दुकानदाराने गल्ल्यापाशीच तो गप्प करावा. ग्राहकाने मागणी करण्याची वाट पाहू नये. आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा जो कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्याच्या अंमलबजावणीत या मुक्या क्रमांकांचाही विचार व्हावा. टॅगला स्वतःची वीज नाही, त्यामुळे त्याला 'नाही' म्हणता येत नाही. ते म्हणण्याची सोय त्याच्या मालकाला तरी हवी.