कोरफडीच्या गळ्यात गोल्डन रेशो अडकवू नका

दर दोन-तीन महिन्यांनी तो फोटो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. वरून काढलेली एक हिरवीगार कोरफड, पानं अशी वेटोळ्यात रचलेली की कुणी कंपास घेऊन आखली असावीत. खाली ठरलेली ओळ : निसर्गाचं गणित! फिबोनाची! गोल्डन रेशो! मग आमचे समस्त इंजिनिअर बांधव अंगठे दाखवून मोकळे. झाडाचं नाव काय, ते उगवतं कुठे, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

नाव आहे अ‍ॅलो पॉलिफिला. पॉलिफिला म्हणजे पुष्कळ पानांची. निसर्गात ती फक्त लेसोथोमध्ये सापडते. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा चिमुकला डोंगराळ देश. तिथल्या मालुती डोंगरांत, साधारण 2,000 मीटरच्या वर, बेसॉल्टच्या उभ्या उतारांवर ही वाढते. (बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड, फक्त तिकडचा कितीतरी जुना.) हिवाळ्यात अंगावर बर्फ, उन्हाळ्यात धो धो पाऊस आणि धुकं. पण उतार इतका की मुळाशी पाणी थांबत नाही. गॅलरीतल्या कुंडीत रखरखीत उन्हात मजेत जगणारी आपली कोरफड आणि ही, दोघींचं घराणं एक, स्वभाव मात्र पार वेगळे.

आता ते गणित. सूर्यफुलात दोन्ही दिशांना वळणाऱ्या रांगा मोजल्या तर 34 आणि 55 अशी फिबोनाची मालिकेतली शेजारशेजारची जोडी मिळते. त्यामागे साधारण 137.5 अंशांचा कोन असतो, आणि गोल्डन रेशो येतो तो तिथे. या कोरफडीत डोळ्यांत भरतात त्या फक्त पाच रांगा, एकाच दिशेला वळलेल्या. दर सहावं पान पहिल्या पानाच्या जवळजवळ डोक्यावर येतं, पण किंचित सरकून. नेमकं डोक्यावर आलं असतं तर पाच सरळ रांगा दिसल्या असत्या. ते सरकतं म्हणून रांगा वळतात. एका झाडात घड्याळाच्या दिशेने, तर दुसऱ्यात उलट. यात गोल्डन रेशोची काही गरजच नाही.

"पण पाच हा फिबोनाची आकडाच आहे की!" आहे ना. 1 ते 8 या आठ आकड्यांपैकी 1, 2, 3, 5 आणि 8 असे पाच आकडे त्या मालिकेत बसतात. अर्ध्याहून जास्त वेळा पास होणारी टेस्ट आपण ऑफिसात कोड रिव्ह्यूला तरी चालवून घेऊ का?

असो. चुकीच्या कॅप्शनने कुणाचं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. 'निसर्गाचं गणित' म्हटलं की वाटतं, हे वेटोळं म्हणजे झाडात भरलेला फॉर्म्युला आहे, झाड कुठेही न्या, फॉर्म्युला चालणार. प्रत्यक्षात बियांपासून वाढवलेल्या रोपाला सुरुवातीची काही वर्षं वेटोळं दिसतच नाही. ज्याला वेटोळं आजच हवंय त्याला मोठं झाड लागतं. मोठं झाड पटकन मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे डोंगर. आणि डोंगरावरून उपटलेलं झाड दुसरीकडे नेलं की बहुधा मरतं. बर्फ, धुकं आणि उतार कुंडीत भरून नेता येत नाहीत ना!

गेलेलं झाड एकटं जात नाही. याची फुलं मॅलाकाइट सनबर्डच्या भरवशावर असतात. हा आपल्या शिंजीराचा लांब चोचीचा, चमकदार हिरवा भाऊ. आधीच विरळ असलेल्या उतारावरून फुलण्याच्या वयाची झाडं काढली तर एका फुलाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलापर्यंत जाणार कसा, आणि बी धरणार कसं? म्हणूनच साइट्स करारात ही कोरफड पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे रानातून उपटलेल्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी. भारतही 1976 पासून या करारात आहे.

"अहो, फोटो पाहूनच लोकांना झाडाबद्दल प्रेम वाटतं," हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. प्रेम वाटतं ते आकाराबद्दल, आणि आकारावर प्रेम करणारा माणूस तो आकार घरी आणू पाहतो. झाडावर प्रेम करणारा आधी विचारतो, हे कुठलं, बियांपासून वाढवलेलं की उपटलेलं? दुसऱ्या प्रकारच्या माणसामुळे नर्सरीतली रोपं खपतात, पहिल्यामुळे डोंगर उघडे पडतात.

फोटो जरूर पाठवा, फार देखणा आहे तो. फक्त फिबोनाची खोडा आणि तिथे लिहा : अ‍ॅलो पॉलिफिला, लेसोथो, रानातून उपटलेली विकत घेऊ नये. एका ओळीत मावतं.