गुरगुरणं बंद केलं, म्हणून तो चावला

थोडं मोठं लिहितोय. घरात कुत्रा असेल, किंवा नसेल पण लिफ्टमध्ये रोज कुणाचा तरी कुत्रा भेटत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यात आमचा ब्रूनो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना चावला. उजव्या हाताला, अंगठ्याच्या खाली. ब्रूनो लॅब्राडॉर आहे. "लॅब कधी चावत नाही हो" असं सगळे सांगतात ना, तोच. मावशी त्याच्या ताटलीजवळची फरशी पुसायला वाकल्या. भुंकणं नाही, गुरगुर नाही, सरळ दात.

आणि हा कुत्रा काही ट्रेनिंग न झालेला नव्हता बरं का. तीन महिन्यांचा ओबीडियन्स कोर्स पूर्ण. सर्टिफिकेटही होतं, आमच्या फ्रीजवर लावलेलं.

मावशींना लगेच दवाखान्यात नेलं. जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतली, मग इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या. चार फेऱ्या, प्रत्येक वेळी रांग. त्या पाच घरची कामं करतात. आमच्याकडचे पैसे आम्ही दिले, बाकीच्या घरांनी खाडे कापले. ते भरून द्यायचं मला सुचलं दोन आठवड्यांनी, तेही बायकोने सुनावल्यावर.

तिसऱ्या इंजेक्शनच्या रांगेत बसलो होतो तेव्हा मावशी सहज म्हणाल्या, "दादा, आधी गुरगुरायचा ना, तेव्हा मी लांब व्हायचे. आता कळतच नाही त्याचं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आजची पोस्ट त्याच्यावरच आहे.

ब्रूनो वर्षाचा झाला तेव्हा खाताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. आम्ही घाबरलो. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, कुणीतरी ट्रेनरचा नंबर दिला. (नाव विचारू नका, इनबॉक्समध्येही देणार नाही. मुद्दा एका माणसाचा नाही.) आठवड्यातले सहा दिवस, रोज अर्धा तास. तो यायचा, पट्टा घ्यायचा, ब्रूनोला खाली पार्किंगमध्ये न्यायचा. आम्ही वर चहा प्यायचो, टीव्ही बघायचो. अर्ध्या तासाने कुत्रा परत यायचा, शांत. आम्हाला वाटायचं, वा, काय फरक पडलाय!

तो शांतपणा म्हणजे भीती होती, हे आता कळतंय. पट्ट्याचा आवाज आला की ब्रूनो सोफ्यामागे जायचा. एक-दोनदा जागेवरच त्याची सू झाली. आम्ही म्हणालो, लबाड आहे, अभ्यासाचा कंटाळा. एकदा खाली गेलो तेव्हा गळ्यात चोक चेन दिसली. ताटली समोर ठेवायची, तो गुरगुरला की चेनचा जोरात झटका. पुन्हा गुरगुरला की पुन्हा झटका. मी विचारलं, "लागत नाही ना त्याला?" उत्तर आलं, "सर, त्याला कळलं पाहिजे मालक कोण आहे ते." मी मान डोलावली आणि वर आलो. ही माझी चूक. ट्रेनरची नाही, माझी.

पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद झालं आणि आम्ही खूश झालो.

आता जरा विचार करा. गुरगुरणं म्हणजे काय? कुत्र्याची भाषा आहे ती. "मला भीती वाटतेय, जवळ येऊ नकोस" एवढंच तो सांगत असतो. आधी अंग ताठ करतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. आपल्याला यातलं काहीच कळत नाही, म्हणून शेवटी गुरगुरतो. तेही कुणी ऐकलं नाही तर चावतो. आम्ही त्याची भीती घालवलीच नाही, फक्त ती सांगायची सोय काढून घेतली. धुराचा अलार्म वाजतोय म्हणून त्याची बॅटरी काढायची आणि आग विझली म्हणायचं, तसला प्रकार. वर ताटलीजवळ माणूस आला की गळ्याला फास बसतो हेही आम्हीच त्याला शिकवलं. मग माणूस जवळ आल्यावर त्याने आनंदाने शेपूट हलवायची का?

"मालक कोण ते कळलं पाहिजे", "अल्फा बना", हे आजही अनेक ट्रेनर शिकवतात. त्याचा उगम बघा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला. ते मारामारी करून वरचढ ठरत होते. पुढे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा' शब्द जगभर गेला. त्याच मेकने नंतर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. 'अल्फा' शब्द चुकीचा आहे. स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. ज्याने शब्द पसरवला त्याने तो मागे घेतला, आपल्या पार्किंगमध्ये मात्र अजून चालू आहे. आणि आपल्याकडे आहे तो कुत्रा, लांडगाही नाही.

"मारल्याशिवाय शिकत नाही" म्हणणाऱ्यांना सांगतो. आपल्या शाळेतही हेच म्हणायचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली मारहाण बंद केली, म्हणून पोरं शिकायची थांबली का? अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धतच वापरा. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे? ऑनलाइन मागवा, उद्या घरपोच.

वडापावच्या गाडीलाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७ चे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे. पण तुमच्या घरी येऊन तुमच्या कुत्र्याच्या गळ्यात फास अडकवणाऱ्याला कसलाही वेगळा परवाना लागत नाही. व्हिजिटिंग कार्ड छापलं की झाला ट्रेनर. प्राण्यांना मारहाण हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज एक कटिंग आणि एक वडापाव येईल. आणि ऐका, त्याच कलमात मारू देणारा मालकही दोषी धरलाय. म्हणजे त्या दिवशी मान डोलावून वर आलो तेव्हा गुन्हेगार मीही होतो.

सरकारचं उत्तर काय? मार्च २०२४ मध्ये केंद्राने परिपत्रक काढून २३ जातींवर बंदी घालायला सांगितली. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. त्या यादीत लॅब्राडॉर नव्हता. यादी राहिली असती तरी मावशींचा हात वाचला नसता. कुत्र्याची जात बघताय, आणि त्याला कुणी, कसं वाढवलं ते कुणीच बघत नाही.

आता सगळा राग ट्रेनरवर काढू नका. आमच्याकडे यायचा तो चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. दिवसाला आठ घरं, बाइकवर, उन्हापावसात. आधीच्या ट्रेनरच्या हाताखाली जे शिकला तेच करतो. त्याने हळूहळू, सहा महिने लावून शिकवतो म्हटलं असतं तर मीच दुसरा बघितला असता. मला लवकर हवं होतं आणि माझ्याशिवाय हवं होतं. तो मला हवं तेच विकत होता. फार्मवर महिनाभर ठेवा, तयार करून देतो, ही जाहिरात कशामुळे चालते? आपल्यामुळे. तिथे त्या महिन्यात काय होतं हे आपल्याला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर बघायचंही नसतं.

ज्यांना खरंच कामाचा कुत्रा लागतो ते काय करतात बघा. पोलिसांचं आणि सीमा सुरक्षा दलाचं श्वानपथक घ्या. तिथे कुत्र्याबरोबर त्याचा हँडलरही शिकतो, महिनोन्महिने, दोघं एकत्र. कारण कुत्रा शब्दकोश पाठ करत नाही. 'सिट' हा शब्द त्याच्यासाठी त्या माणसाशी, त्या जागेशी, त्या हाताच्या खुणेशी जोडलेला असतो. पार्किंगमध्ये ट्रेनरसमोर बसणारा कुत्रा लिफ्टमध्ये तुमच्यासमोर बसेलच असं नाही. त्यात आपल्या घरचा घोळ वेगळाच. आजी म्हणते "बस", पोरगी म्हणते "सिट डाऊन", मी म्हणतो "ए बैठ". सगळं घर मराठी आणि कुत्र्याशी मात्र तीन भाषा. त्याने ऐकायचं कुणाचं?

एक आक्षेप नेहमी येतो. "आमच्या गावाकडे कुठे होतं ट्रेनिंग? कुत्री दारात पडलेली असायची." बरोबर आहे. पण तो कुत्रा मोकळा होता. नको असलेला माणूस आला की उठून गोठ्यामागे जायचा. तुमच्या टू बीएचकेत तो जाणार कुठे? सकाळी नऊ ते रात्री आठ एकटा, बाल्कनीतून खालची गाडी बघत. त्याची दूर जायची वाट आपण बंद केलीय, तर त्याला समजून घ्यायची जबाबदारी आपलीच.

दुसरा आक्षेप, "वेळ नाही हो." मग कुत्रा आणू नका. हे रागाने नाही, मनापासून सांगतोय. पगार देऊन माणूस ठेवला की जबाबदारी संपली, हे कुत्र्याच्या बाबतीत चालत नाही. तुमच्या वेळेची किंमत दुसरंच कुणीतरी देतं. कामवाल्या मावशी, वॉचमन, पार्सल आणणारा पोरगा, लिफ्टमधलं शेजारचं लेकरू. कुत्रा पाळायची हौस आपली आणि इंजेक्शनं त्यांना. पाळीव जनावराबद्दल निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मावशींनी तक्रार केली नाही. करू शकल्या असत्या, आणि त्यांचं बरोबरच असतं.

आता ब्रूनोचं काय? सोडून दिला नाही. आधी पशुवैद्याला दाखवलं, कारण कुठे दुखत असलं तरी कुत्रा चिडतो. मग दुसऱ्या ट्रेनर बाई शोधल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी कुत्र्याला नाही, तुम्हाला शिकवणार." दिवसातून तीन वेळा पाच-पाच मिनिटं. तो खात असताना लांबून जायचं आणि जाता जाता उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा. अंग ताठ झालं की आपण मागे. आठवड्याने एक पाऊल जवळ. माणूस आला की चांगलं काहीतरी मिळतं, एवढं एकच गणित त्याच्या डोक्यात बसवायचं. मावशी घरात असताना मात्र त्याचं जेवण बाल्कनीत, दार लावून. यात हयगय नाही. सहा महिने झाले. त्याची भीती पूर्ण गेलीय असं म्हणणार नाही. पण परवा पाहुण्यांचा मुलगा ताटलीजवळ गेला आणि ब्रूनो हळूच गुरगुरला.

मला बरं वाटलं. मुलाला मागे घेतलं आणि ब्रूनोला म्हणालो, शाब्बास.

ट्रेनर ठेवणार असाल तर चार प्रश्न विचारा. शिकवताना मी समोर असेन ना? गळ्यात काय घालणार? त्याने चूक केली तर काय करणार? आणि तुम्ही नसताना तो आमचं ऐकेल यासाठी आम्हाला काय शिकवणार? पहिल्याच प्रश्नाला "तुम्ही असलात की त्याचं लक्ष लागत नाही" असं उत्तर आलं, तर नमस्कार करा आणि दार लावा.

सोसायटीच्या कमिटीवाल्यांनो, कुत्रे बंद करा म्हणून ठराव करत बसण्यापेक्षा पार्किंगमध्ये कुठला ट्रेनर काय करतोय ते एकदा खाली येऊन बघा. आणि महापालिकेला एक विनंती. कुत्रा पाळायला आमच्याकडून परवाना मागता ना, मग त्याला शिकवणाऱ्याचीही निदान नोंद तरी ठेवा.

फ्रीजवरचं सर्टिफिकेट मी काढलं. त्या जागी आता मावशींच्या इंजेक्शनांचं कार्ड लावलंय, त्यांना विचारूनच. चारही तारखांवर शिक्के आहेत. कुत्रा आणायचा विचार असलेलं कुणी घरी आलं, की आधी ते दाखवतो.