आधी गज, मग तारा

दर वर्षी फर्स्ट इयरची मुलं हॉस्टेलवर येतात, तेव्हा गिटारींच्या गर्दीत एखाददुसरं व्हायोलिनही येतं. दिवाळीपर्यंत त्याचा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू येतो (आणि शेजारच्या रूमवाल्यांचाही!). दुसऱ्या सेमिस्टरला ते कॉटखाली गेलेलं असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जमत नाही रे, आपल्या हातात सूरच नाही." मला हे पटत नाही. बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, गजाचा असतो. आणि तो गज पेटीबरोबर 'फ्री' आलेला असतो.

मी बोळिंजचा. विरारहून आगाशीकडे निघालं की वाटेत लागतं ते. आमच्या भागात व्हायोलिन नवलाचं नाही. नंदाखालच्या बाजूला चर्चच्या गायनवृंदात ते दिसतं, आणि गावातल्या जुन्या मंडळींना प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' किंवा गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांचं वादन आठवतं. वाद्य तेच, पण जुळवणी वेगळी. म्हणून "कोणत्या तारा घेऊ?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, "शिकणार काय आहेस?"

पाश्चात्त्य पद्धतीत चार तारा जी, डी, ए, ई अशा लावतात. ई म्हणजे सुमारे ६५९ हर्ट्झ. आपल्याकडे प-सा-प-सा अशी जुळवणी बरेच जण करतात. समजा सा पांढरी एकचा धरला, तर ई ची तार उतरून सी वर, म्हणजे ५२३ हर्ट्झवर येते. आता फिजिक्स आठवा. तारेची लांबी तीच (साधारण साडेबत्तीस सेंटिमीटर), वजन तेच, तर ताण हा वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात. ५२३ भागिले ६५९, त्याचा वर्ग केला की उत्तर ०.६३. म्हणजे ताण तब्बल ३७ टक्के कमी! मधल्या दोन तारा एकेक सूर उतरतात, त्यांचा ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. चौथी आहे तिथेच राहते. अशा सैल तारेवर गज टेकवला की ती डगमगते आणि आवाज मेंगळट येतो. म्हणून भारतीय पद्धतीने शिकायचं असेल तर गुरुजींचा सा कोणता ते आधी विचारावं आणि गरज पडली तर 'हेवी' ताणाच्या तारा घ्याव्यात.

एवढं ठरलं की नवशिक्याने सरळ स्टीलच्या गाभ्याच्या तारा लावाव्यात. डॅडारिओचा प्रेल्यूड हा सेट विद्यार्थ्यांसाठीच आहे. त्या लवकर स्थिरावतात आणि दमट हवेत आतड्याच्या तारांसारख्या रुसत नाहीत. मात्र स्टीलची तार जराशी ताणली तरी सूर खूप चढतो, म्हणून चारही तारांना फाइन ट्यूनर हवेत. थोमास्टिकच्या डॉमिनंटसारख्या सिंथेटिक गाभ्याच्या तारा नक्कीच गोड वाजतात, पण त्यांना काही हजार रुपये पडतात. पहिल्या वर्षी तो खर्च मला उधळपट्टी वाटतो.

"तारा बदल, टोन खुलेल" हा सल्ला सगळेच देतात. तो खोटा नाही, पण अवेळी आहे. पहिले काही आठवडे विद्यार्थी करतो काय? मोकळ्या तारांवर लांब गज ओढतो. म्हणजे शिक्षण चालू असतं ते गजाचं. राळ लावलेला केस तार पकडतो, खेचतो, सोडतो, पुन्हा पकडतो. सेकंदाला शेकडो वेळा. यालाच स्टिक-स्लिप म्हणतात. काठी वाकडी असेल तर ही पकड मध्येच सुटते आणि गज घसरतो. बोट चुकलं तर रियाजाने सुधारतं, वाकडी काठी कितीही रियाज केला तरी सरळ होत नाही.

तेव्हा गज घेताना एक डोळा मिटून काठीवरून नजर टाका, डावी-उजवीकडे वाक नको. केसांच्या बाजूला मात्र आत वाक हवाच. स्क्रू फिरवून केस ताणून आणि सैल करून पाहा. वजन साठ ग्रॅमच्या आसपास असावं. केस घोड्याचे हवेत, नायलॉनचे नकोत. महागडं पर्नांबुको लाकूड विसरा, साधा कार्बन फायबरचा गज पुरे. पावसाळ्यात तो वाकत नाही. ऑनलाइन मागवण्यापेक्षा धोबीतलावला फुर्टाडोजसारख्या दुकानात जाऊन हातात धरून घ्या. आणि नवा गज वाजतच नाही म्हणून घाबरू नका. राळ लावल्याशिवाय कोऱ्या केसांतून आवाज निघतच नाही!

कोकणातल्या मित्रांना एक सूचना. जुलैत आमच्या बोळिंजला हवा इतकी दमट असते की गजाचे केस लांबतात आणि आपण स्क्रू आवळत जातो. तोच आवळलेला गज घेऊन इकडे घाटावर कोरड्या हवेत आलात की केस आखडतात आणि काठीवर ताण येतो. म्हणून वाजवून झालं की केस सैल करायचे. तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर घामाने गंजतात.

शेवटी एक विनंती, सांस्कृतिक समितीला आणि रेक्टर सरांना. यंदा म्युझिक रूमसाठी नवा कीबोर्ड घेण्याऐवजी दोन चांगले गज, राळ आणि स्टीलच्या तारांचा एक जादा सेट घ्या. ज्याचं व्हायोलिन कॉटखाली गेलंय त्याला तो गज आठवडाभर वापरू द्या. त्यानंतरही त्याला सोडायचं असेल तर खुशाल सोडू दे, पण सूर नसल्याचा ठपका स्वतःच्या हातावर ठेवण्याआधी एकदा तरी सरळ काठी त्याच्या हातात पडायला हवी.